दाढ काढायला लेकीच्या घरी

माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली ती ऐन मिठाच्या दिवसांत. आमचं गाव धरमतरच्या खाडीला. फाल्गुन सरला की वाफ्यांत मीठ धरायला लागतं, आणि मग आमच्यातला माणूस मयताला जाऊन आला तरी अंघोळ करून पुन्हा मिठागरात उतरतो. दाढेसाठी कोण घरी बसतंय? लवंग दाबली, कापूर भरला, डाव्या गालाने जेवायला लागलो. पाऊस पडला की मीठ संपतं. तेव्हा बघू म्हटलं.

दुसऱ्या कुणाची दाढ असती तर तो एका सकाळी पेणला जाऊन ती काढून आला असता. माझं तसं नव्हतं. त्याच्या काही वर्षं आधी मी पेणलाच एक दात काढून घेतला होता. दात सहज निघाला, पण रक्त थांबेना. कापूस बदल, पुन्हा कापूस बदल. घरी आलो तरी चालूच. बायको उशीचे अभ्रे धुवून थकली. शेवटी भाऊबंदांनी जीपमध्ये घालून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या पिशव्या चढवल्या, तेव्हा ते थांबलं. तिथला डॉक्टर म्हणाला, "तुमच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी आहे. रक्त जमायला ती लागते." त्या आजाराला हिमोफिलिया म्हणतात. मला ते नाव जिभेवर बसायला वेळ लागला, पण आजार लगेच समजला. खारं पाणी पातळ असलं की मीठ धरत नाही, कितीही ऊन पडू दे. माझं रक्त तसलं. माझे मामा तरणेपणी कोयत्याच्या एवढ्याशा जखमेने गेले होते. लोक म्हणायचे करणी झाली. ती करणी कसली होती ते मला त्या खाटेवर पडल्या पडल्या कळलं.

निघताना डॉक्टरने बजावलं, "पुढे दात काढायचा झाला तर आधी आम्हाला विचारायचं. परस्पर काढलात तर जीव जाईल."

म्हणजे झालं असं की ही दाढ तोंडात ठेवता येत नव्हती आणि काढताही येत नव्हती. पाऊस लागला, आगर बंद झालं, तोवर गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. तोंड दोन बोटांवर उघडेना. पेणला गेलो. मागे ज्याने दात काढला होता तो दातांचा डॉक्टर मला दारात बघूनच खुर्चीवरून उठला. "काका, तुम्ही? नको, नको. माझ्याकडे नको." दुसऱ्याकडे गेलो, त्याने मुंबईचा कागद वाचला, नीट घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "मुंबईला जा."

मी मुंबईला जाणार नव्हतो. त्या खाटेवर धोतराची गाठ मारायलासुद्धा मला नर्सला विचारावं लागायचं. शेजारचा माणूस सकाळी बोलला आणि दुपारी त्याची गादी गुंडाळली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, जे व्हायचं ते इथे होईल.

ती म्हणाली, "अवो, मग काय दाढेसंगती मरनार?"

"मरेन."

"मरा. पन तोंड उघडं ठेवून मरू नका, लोकं वासानं पलतील."

आमची लेक रोह्याजवळ वरसेला दिली आहे. जावई कंपनीत शिफ्टमध्ये. ती कशाला तरी माहेरी आली, तिने माझं तोंड बघितलं. दुसऱ्या दिवशी परत गेली आणि आठवड्याने निरोप धाडला की रोह्यात एक नवीन बाई डॉक्टर आहे दातांची, शिकताना तिने असल्या रक्ताचे पेशंट बघितलेत, ती काढायला तयार आहे. पण तिची एक अट आहे. दाढ काढल्यावर टाके सुटेपर्यंत रोह्यातच राहायचं. खाडीकाठी जायचं नाही. रक्त आलं तर पेशंट हाताशी पाहिजे.

रोह्यात म्हणजे लेकीच्या घरी. इथे माझं खरं अडलं.

आमच्या घराण्यात रीत आहे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. माझ्या आज्याने पाळली, बापाने पाळली. माझ्या लेकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. म्हणून वरसेला जायचा प्रसंग आला की मी आधी नाक्यावरच्या हॉटेलात चहा-भजी खाऊन घ्यायचो आणि भरल्या पोटाने तिच्या ओट्यावर जाऊन बसायचो. बायको सोबत असली तर तीही तशीच. घटकाभर बसायचं, बरी हायस ना विचारायचं आणि एसटी पकडायची. रीत तुटत नव्हती आणि भेटही होत होती.

आता तिथे राहायचं होतं. मी विचार केला आणि वाट काढली. माझं पाणी मी नेणार. घरात मोठा प्लॅस्टिकचा कॅन होता, तो आमच्या विहिरीच्या पाण्याने भरला. बायको एक दिवसाआड दुसरा कॅन घेऊन येणार. दूध बाहेरून, माझ्या पैशाचं, माझ्या तांब्यात. बोचक्यात धोतर, तांब्या-भांडं आणि आमच्या आगरातल्या मिठाची पुडी, कारण मीठ नसलं तर मला परगावी आल्यासारखं वाटतं.

पेणच्या स्टँडवर कंडक्टरने कॅन उचलून बघितला. "काका, नवसागराची दारू काय?"

"पानी हाय."

"रोह्याला कुंडलिका वाहतेय दोन्ही काठ भरून, आणि तुमी पानी घेऊन चाललात?"

"माझं मी नेतो. तू तिकीट फाड."

सगळी गाडी हसली. मला सुजल्या गालाने हसता येत नव्हतं, ते बरंच होतं.

लेकीच्या दारात उतरलो तेव्हा तिने आधी कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे. कॅन तिनेच उचलून आत नेला आणि मोरीपासून लांब कोपऱ्यात ठेवला. तिची सासू, म्हणजे आमची विहीण, विधवा बाई, जिभेने तिखट. ती पायरीवर वाती वळत बसली होती. म्हणाली, "व्याही, आमच्या नलाला काय इख येतं?"

"तसं नाय विहीणबाई. रीत हाय."

"रीत! झोपायला आमचं छप्पर चालतं, पानी तेवढं चालत नाय."

"छप्पर गिलत नाय मी."

"जिभेला तेवढी सूज नाय आली," ती म्हणाली आणि वाती वळायला लागली.

डॉक्टरीण माझ्या लेकीपेक्षा लहान दिसत होती. उंचीने माझ्या कोपराला लागेल एवढी. मी मनात म्हटलं, हिच्या हातून आता मरायचं. पण तिने घाई केली नाही. मुंबईच्या रक्ताच्या डॉक्टरांशी ती फोनवर बोलली होती. आधी गोळ्या देऊन सूज उतरवली. मग जावई मुंबईला जाऊन औषधाची एक लहान बाटली थर्मासमध्ये बर्फ घालून घेऊन आला. रक्तात जे कमी आहे ते त्या बाटलीत होतं. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते शिरेत सोडलं. ती मला म्हणाली, "काका, बाटली एकच मिळाली. ती आता तुमच्या अंगात आहे. दुसरी लागली तर मुंबई. कळलं?"

"कललं."

"दाढ काढणं माझं काम. ते थोड्या वेळात होईल. त्याच्या पुढचं काम तुमचं आहे."

तिने दाढ हलवत हलवत, हिरडी फाटू न देता काढली. खड्ड्यात विरघळणारी जाळी भरली, वर टाके घातले. मग खुर्चीतच मला नियम सांगितले. गरम काही नाही. मिश्री नाही. जिभेने खड्डा चाचपायचा नाही. चूळ भरायची नाही. थुंकायचं तर मुळीच नाही, तोंडात येईल ते गिळायचं. गोळी कुटून पाण्यात कालवायची, ते पाणी तोंडात धरून ठेवायचं आणि गिळून टाकायचं. "खड्ड्यात रक्ताची गाठ बसेल," ती म्हणाली. "तुमच्या रक्ताला ती बसवायला फार कष्ट पडतात. ती गाठ हलली की सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला माझ्याकडे औषध नाही."

मी मान हलवली. बोलायचंही नव्हतं.

मग ते घर. जे लोक चांगल्या घरात चांगल्या माणसांत कोंडले गेलेत त्यांनाच हे समजेल. पुढची खोली, लोखंडी खाट, खिडकीसमोर शेजाऱ्याची भिंत. भिंतीवर शेवाळ. बाहेर पाऊस. कंपनीचा भोंगा झाला की जावई जायचा किंवा यायचा. मला चालायचं नव्हतं, वाकायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. लेक मधूनमधून येऊन माझं तोंड बॅटरी मारून बघायची, जशी म्हैस व्यायला आली की आपण बघतो. विहीण आतून विचारायची, "हाय काय रक्त?" लेक म्हणायची, "नाय." माझ्याबद्दल सगळं बोलणं माझ्यावरून चालायचं. आगरात दिवसभर उन्हात उभा राहणारा माणूस मी. मला त्या खोलीत श्वास पुरेना.

आत स्वयंपाक व्हायचा. तांदळाच्या भाकरीचा वास यायचा. मी माझ्या तांब्यातलं गार दूध प्यायचो, माझ्या कॅनातल्या पाण्यात माझी गोळी कालवायचो. लेक प्रत्येक वेळी भांडं माझ्या पाण्यानेच विसळून द्यायची. कधी चुकून नळाखाली धरलं नाही. रीत मी पाळत होतो असं मला वाटत होतं. माझ्यापेक्षा ती कडक पाळत होती.

बायको पुढचा कॅन घेऊन यायची होती त्या दिवशी आली नाही. पाऊस रात्रीपासून कोसळत होता. जावई शिफ्टवरून भिजून आला आणि म्हणाला, "नागोठन्यात अंबा नदीचं पानी शिरलंय. एसटी बंद, रेल्वे बंद. पेणवरनं कोन येत नाय नि हितनं कोन जात नाय."

मी कॅनकडे बघितलं. तळाला थोडं होतं.

मी घोट लहान केले. गोळीपुरतंच पाणी घ्यायला लागलो. ओठ फुटले. आतून विहीण म्हणाली, "दोन दिवसांत पानी उतरलं नाय तर काय करनार तुमचा बाप? पावसात तोंड उघडून उभा र्‍हानार?"  लेक त्या दिवशी बॅटरी मारायला आली तेव्हा तिने माझे ओठ बघितले, कॅन बघितला, बॅटरी बंद केली आणि गेली.

दुपारी तोंडात घाण चव आली. कुजकी. मला वाटलं दाढेची जागा नासली. आता आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा, जखम नासली की काय करायचं. आमचे पाय मिठाच्या वाफ्यात उभे राहून चिरतात, त्या चिरा त्याच खाऱ्या पाण्याने भरून येतात. फावड्याने अंगठा कापला की मिठात दाबतो. पोर रांगायला लागलं आणि गुडघा सोलला की आई मिठाचं पाणी लावते. आमच्याकडे यावर कुणी विचार करत नाही. डॉक्टरणीने चूळ भरायची नाही म्हणून सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. पण ते साध्या पाण्याचं. मीठ हे औषध आहे, औषधाला कोण नाही म्हणेल? मी पुडी सोडली, मूठभर मीठ वाटीत घेतलं, कॅन पालथा करून शेवटचं पाणी त्यात ओतलं आणि खळखळून तोंड धुतलं. खिडकीतून लांब पिंक टाकली.

बरं वाटलं. थोडा वेळच. मग जिभेवर काहीतरी मऊ आलं, मांसाच्या तुकड्यासारखं. मी ते हातात घेऊन बघितलं. काळीजांभळी गाठ होती. तिच्या मागोमाग तोंड भरून आलं, उबदार, आणि मला मुंबईची खाट आठवली.

मी ओरडलो नाही. बनियनने पुसत बसलो. लेक दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली, तिने बनियन बघितलं आणि तशीच भिजत नाक्यावरच्या दुकानात फोन करायला धावली.

डॉक्टरीण स्कूटरवर आली, रेनकोटमधून पाणी गळतंय. तिने तोंड उघडायला लावलं, बॅटरी धरली आणि मग वाटीकडे तिचं लक्ष गेलं. तळाला मिठाचे खडे होते.

"काका, मीठ?"

"मिठानं जखम बरी व्हते," मी रक्त गिळत म्हटलं.

"होते. गाठ पक्की झाल्यावर. आज तुम्ही ती धुवून फेकलीत." तिचा आवाज चढला नाही, ते मला जास्त लागलं. "रस्ता बंद आहे. आता जे आहे ते एवढंच." तिने बॅगेतून जाळी काढली, पुन्हा भरली, पुन्हा टाका घातला, कुटलेल्या गोळीची पूड गॉजला लावून ते खड्ड्यावर ठेवलं आणि लेकीला म्हणाली, "तुमचं बोट इथे. वरून त्यांचा जबडा घट्ट दाबा. मी येईपर्यंत सोडायचं नाही. मी मुंबईला फोन लावते, काही होतं का बघते."

ती गेली. लेक खाटेवर माझ्या उशाशी बसली. तिचं एक बोट माझ्या तोंडात गॉजवर, दुसऱ्या हाताने हनुवटी धरलेली. तिचे हात कामाने जड झालेले, माझ्या आईसारखे. लाइट गेली होती. वर पंखा थांबलेला, त्याच्या पात्यांवर धूळ दिसत होती. मी त्या पात्यांकडे बघत राहिलो.

जरा वेळाने ती म्हणाली, "बोला ना आता. बोला काय तरी. रीत सांगा."

मी घशातून आवाज काढला.

"गप. हलू नका. नाय बोलता येत ना? बरं झालं. इतकी वर्सं तुमी बोलता नि आमी ऐकतो." तिचं बोट किंचितही हललं नाही. "तुमी नाक्यावर भजी खाऊन येता, ते सगल्या आलीला ठाव हाय. हाटेलवाला ह्यांना सांगतो, तुमचे सासरे आलते, बरे दिसले. मंग ह्ये घरी येऊन मला सांगतात. तुमी यायचं कललं ना बाबा, की मी सकाली तांदूल निवडते. येकदा तरी बसतील म्हून. मंग तुमी ओट्यावर बसता, बरी हायस ना इचारता, नि एसटी बघायला लागता."

मी डोळे मिटले तर ती म्हणाली, "डोले उघडे ठेवा, मला कललं पायजे शुद्धीवर हाव ते."

उघडे ठेवले.

"पोर नाय म्हून लोकं बोलतात. बोलू देत, लोकांचं तोंड हाय. पन लोकं पाठीमागं बोलतात. तुमी समोर येऊन बसता. माझ्या ओट्यावर. तहानलेले. सगल्या आलीला दिसतं, हिच्या बापाला अजून हिच्याकडं पानी चालत नाय. सासूबाय कवा बोलल्या नाय मला पोरावरनं, येकदा पन नाय. मला माझा बाप दाखवतो."

मी तिचा हात झटकू शकत होतो. अंगात तेवढी ताकद होती. झटकला असता तर रक्त सुटलं असतं. म्हणून मी तसाच पडून ऐकत राहिलो. मला वाटलं ती रडेल, म्हणजे तिला गप करता येईल. ती रडली नाही. एकदा म्हणाली, "बोट दुखाय लागलं," आणि दाबतच राहिली.

डॉक्टरीण परत आली. मुंबईहून कुणी येऊ शकत नव्हतं, ते तिच्या तोंडावरच दिसलं. तिने लेकीचं बोट हळूच बाजूला केलं, बघितलं. "पाझरतंय अजून. पण कमी आहे." मग तिने गोळी कुटली आणि म्हणाली, "पाणी आणा."

लेक उभीच राहिली. "डॉक्टर, त्यांचं पानी संपलं."

"म्हणजे?"

दारातून विहीण म्हणाली, "व्याही आमच्या घरचं पानी पीत नायत. लेकीला पोर नाय म्हून."

डॉक्टरणीने आमच्या तिघांकडे बघितलं. ती थट्टा समजली असावी, मग तिला समजलं की थट्टा नाही. "उकळून गार केलेलं आहे ना?" तिने विचारलं.

"हाय."

"मग ते आणा. शेजारून आणा, नदीतून आणा, मला काही नाही. पण हे तोंडात धरून गिळायचं. थुंकलात तर गाठ पुन्हा निघेल. आणि मग, काका, मी फक्त बघत बसेन."

शेजारून आणा, असं मीही खुणेने म्हणू शकलो असतो. शेजाऱ्याचं पाणी चालतं. विहीण छत्री घ्यायला वळलीसुद्धा होती. पण लेक आत गेली, वाटीभर पाणी घेऊन आली, औषध कालवलं आणि वाटी माझ्या तोंडाजवळ धरली.

"आपल्या नलाचं हाय," ती म्हणाली. "आदीच सांगते. मागनं म्हनू नका सांगितलं नाय."

मी तोंड उघडलं. औषध कडू होतं आणि पाणी गार होतं. तोंडात धरलं. तोंडात धरलं म्हणजे प्यालं असं होत नाही, एवढा हिशेब माझ्या डोक्यात तेव्हाही चालू होता. तिघी माझ्या गळ्याकडे बघत होत्या. डॉक्टरीण घड्याळ बघत म्हणाली, "आता गिळा." मी तरी थांबलो. लेकीने वाटी खाली घेतली नव्हती. तिचं ते बोट पांढरं पडलं होतं, टोकाला माझ्या दातांचे वळ.

मी गिळलं.

जिवासाठी गिळलं असं सगळ्यांना वाटलं. वाटू दे.

 लेकीने पदराने माझी हनुवटी पुसली आणि ती आत गेली. विहिणीने छत्री परत खुंटीला लावली. "पेज टाकते," ती म्हणाली. "गार झाल्यावर देते. मीठ मी घालीन, तुमी पुडीला हात लावू नका."

दिवेलागणीला रक्त थांबलं. मी पेज खाल्ली. पातळ होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ली, भाताची पेज आणि वर गार केलेलं वरण. तरी त्या खोलीतून सुटका झाली नाही. उलट डॉक्टरणीने टाक्यांचे दिवस वाढवले. आता घरातली सगळी माणसं मला हक्काने भरवायला लागली आणि मला नाही म्हणायला कारण उरलं नाही. रीत होती तोवर त्या घरात माझी एक जागा होती, खाटेएवढी का होईना, जिथे कुणी हात घालत नव्हतं. ती गेली. विहीण दूध कमी प्यालो म्हणून ओरडायची. जावई कामावर जाताना "बाबा, पेज खाल्लीत?" विचारायचा. मी भिंतीवरच्या शेवाळाकडे बघत व्हय म्हणायचो.

टाके सुटले तेव्हा डॉक्टरणीने मला मऊ ब्रश दिला आणि तो कसा फिरवायचा ते लहान पोराला शिकवतात तसं शिकवलं. म्हणाली, "तुमच्या तोंडात आणखी दात आहेत. एकही काढायची वेळ येऊ द्यायची नाही. दर सहा महिन्यांनी मला तोंड दाखवायचं." म्हणजे जन्माची हजेरी लागली. मी मिश्री सोडली नाही असं पहिल्या वर्षी बायकोला सांगायचो, पण सोडली होती. हजेरीला रोह्याला गेलो की जेवण वरसेला. लेकीला पुढेही मूल झालं नाही. भाऊबंदांत बोलणं झालं, एकाने लग्नाच्या पंगतीत तोंडावर विचारलं. मी म्हटलं, माझ्या तोंडात काय जातं ते माझी डॉक्टरीण बघते, तुला दाखवू काय उघडून? पुन्हा कुणी विचारलं नाही.

पण एक सांगायचं राहिलं. रस्ता सुटला त्याच दिवशी बायको आली होती. पहिल्या एसटीने, कमरेवर भरलेला कॅन घेऊन, नाक्यापासून चिखल तुडवत. मी खाटेवर टेकून बसलो होतो आणि हातात लेकीच्या घरचा तांब्या होता. ती दारातच थांबली. आधी माझ्या गालाकडे बघितलं, मग तांब्याकडे.

"अवो, ह्ये कुनाचं पानी?"

"हितलंच."

"प्यालात?"

"प्यालो."

ती आणखी काही विचारेल म्हणून मी वाट बघितली. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बायकोने कॅन उंबऱ्यावर ठेवला, पाय न धुताच आत आली आणि लेकीला म्हणाली, "दे गो बाय मलापन."

लेकीने तांब्या भरून दिला. ती उभ्या उभ्याच प्यायली. मान मागे टाकून, दम न घेता, पाणी गळ्यावरून चोळीवर सांडलं तरी थांबली नाही. रिकामा तांब्या लेकीसमोर धरला. लेकीने पुन्हा भरला. तोही प्यायली. विहीण बघत होती, ती म्हणाली, "विहीणबाई, सावकास. ठसका लागंल."

बायकोने तोंड पुसलं. "नाय लागत," ती म्हणाली. "लय वर्सांची तहान हाय."